अभिजात मराठी ग्रंथांची निवड आणि विद्यार्थ्याची वाचनपातळी : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वर्गात कोणता अभिजात ग्रंथ लावावा, हा प्रश्न अभ्यासक्रम बदलला की पुन्हा उभा राहतो. बेळगाव-निपाणी, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अथवा गोवा येथील महाविद्यालयांत मराठी विषय घेणारा विद्यार्थी एका साच्यातला नसतो. एकाच्या घरी मराठी बोलली जाते, दुसऱ्याच्या घरी दखनी किंवा उर्दू, तिसऱ्याच्या घरी कोकणी, तर चौथ्याच्या घरी कानडी असते आणि मराठी त्याला शाळेत भेटलेली असते. असा वर्ग समोर असताना 'यांची पातळी काय?' हा प्रश्न शिक्षकाच्या मनात प्रथम येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाची उत्तरे प्रायः दोन प्रकारे दिली जातात. पहिल्या प्रकारात विद्यार्थी कच्चे आहेत असे गृहीत धरून सोपे, संक्षिप्त, शक्यतो अलीकडचे काहीतरी निवडले जाते. दुसऱ्या प्रकारात भाषेचा मानबिंदू म्हणून ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ लावला जातो, आणि तो पेलत नाही हे लक्षात आल्यावर सारांश, भावार्थ व अपेक्षित प्रश्नोत्तरे यांवर वर्ष निभावून नेले जाते. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो. पदवी हाती येते, पण विद्यार्थ्याची आणि मोठ्या ग्रंथाची गाठ पडत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भाषेचा दर्जा तिच्या प्राचीनतेच्या व ग्रंथपरंपरेच्या आधारे ठरतो. ग्रंथाचे अभिजातपण मात्र प्रत्येक पिढीतील वाचकाने नव्याने अनुभवावे लागते. जिथे मराठी ही राज्यभाषा नाही, तिथे ही संधी बहुतेक विद्यार्थ्यांना महाविद्यालयातील दोन-तीन वर्षांतच मिळते. म्हणून निवडीचा हा प्रश्न केवळ शैक्षणिक सोयीचा राहत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, 'वाचनपातळी' ही एकच एक गोष्ट नाही. ग्रंथ वेगवेगळ्या कारणांनी कठीण असतात आणि वाचकही वेगवेगळ्या ठिकाणी कच्चे अथवा पक्के असतात. हे ध्यानात न घेता रचलेली 'सोप्याकडून कठीणाकडे' जाणारी शिडी काही विद्यार्थ्यांना अकारण तळाच्या पायरीवर बसवते.

पातळी मोजण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा

वाचनपातळीची कल्पना शिक्षणशास्त्रात रूढ होण्यास अमेरिकन अभ्यासक एमेट बेट्स यांचे १९४६ मधील विवेचन मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. स्वतंत्र वाचन, मार्गदर्शनाखालचे वाचन आणि वैफल्याचे वाचन अशा तीन पातळ्या त्यांनी कल्पिल्या. शंभरातील जवळजवळ सर्व शब्द ओळखता आले तर पहिली, सुमारे ९५ ओळखता आले तर दुसरी आणि ९० पेक्षा कमी ओळखता आले तर तिसरी, असा त्यांचा ढोबळ हिशोब होता. पुढे परभाषा म्हणून इंग्रजी वाचणाऱ्यांविषयी हू आणि नेशन यांनी २००० मध्ये असा निष्कर्ष मांडला की, कोणाच्याही मदतीविना कथात्मक मजकूर समजून वाचायचा तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या परिचयाचे असावे लागतात.

हा हिशोब शिक्षकाला उपयोगी आहे. २५० शब्दांच्या पानावर पाच अपरिचित शब्द आले तर विद्यार्थी ते पान एकट्याने वाचू शकेल. बारा-तेरा आले तर शिक्षक सोबत हवा. पंचविसाहून अधिक आले तर वाचन थांबून केवळ शब्दार्थ लिहून घेणे सुरू होईल. ग्रंथ लावण्यापूर्वी त्याची दोन-तीन पाने वर्गापुढे ठेवून अनोळखी शब्दांखाली रेघा मारून घेण्यास एक तासिका पुरते.

तथापि या हिशोबाची मर्यादा ओळखली पाहिजे. तो शब्दांची मोजणी करतो, समजण्याची करीत नाही. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ मधील वाचनसुलभतेचे सूत्र तर वाक्याची सरासरी लांबी आणि शब्दांतील अक्षरावयवांची संख्या एवढ्यावरच उभे आहे. ते इंग्रजीसाठी तयार झाले होते. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिणाऱ्या मराठीला ते जसेच्या तसे लागू पडत नाही, हा झाला त्यातील तांत्रिक दोष. मूळ दोष याहून खोल आहे आणि तो लीळाचरित्राच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

तेराव्या शतकातील हा म्हाइंभटांचा ग्रंथ मराठी गद्याच्या आरंभकाळातील आहे. त्यातील वाक्ये अत्यंत आखूड आहेत. प्रसंग लहान, संवाद बोलण्यातले, विषय चालण्या-जेवण्याचा, भेटीगाठींचा, कुणाच्या रुसव्याचा. वाक्याच्या लांबीवर भर देणाऱ्या मापाने हा ग्रंथ 'सोपा' ठरेल. प्रत्यक्षात नवा वाचक पहिल्याच लीळेत अडखळतो. जुनी क्रियापदांची रूपे हे त्याचे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण असे की, कोण बोलले व कोणाला बोलले हे अनेकदा सांगितलेलेच नसते. 'गोसावी' म्हणजे श्रीचक्रधर, 'बाइसें' कोण, 'भटोबास' कोण हे ठाऊक असलेल्या मंडळींसाठीच ते लिहिले गेले. आखूड वाक्यामागे अख्खी मंडळी गृहीत आहे. ती ओळखीची झाली की ग्रंथ खुला होतो. ओळखीची झाली नाही तर शब्दार्थाची यादी कितीही लांबवली तरी उपयोग होत नाही.

कठीणपणाचे तीन प्रकार

साहित्यसमीक्षक जॉर्ज स्टायनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात काव्यातील कठीणपणाचे चार प्रकार वेगळे केले. पहिला, शोधून दूर करता येणारा : शब्द, संदर्भ, नाव ठाऊक नाही, कोश पाहिला की कळते. दुसरा, वृत्तीचा : सर्व शब्द कळूनही त्या रचनेमागची जीवनदृष्टी वाचकाला परकी राहते. तिसरा, लेखकाने हेतुतः योजलेला : वाचकाने थबकावे, सवयीने पुढे सरकू नये म्हणून तो वाट वाकडी करतो. चौथा, भाषेचाच पाया हलवणारा. तो मुख्यतः आधुनिक युरोपीय कवितेसंबंधी असल्याने येथे बाजूस ठेवता येईल.

वर्गातील उपयोगासाठी उरलेल्या तिघांना अनुक्रमे शब्दाची अडचण, जगाची अडचण आणि रचनेची अडचण असे म्हणता येईल. पातळी मोजण्याच्या प्रचलित पद्धती यांतील केवळ पहिलीचा विचार करतात. अभ्यासक्रम ठरवताना ग्रंथाचा काळ हाच निकष धरला जातो, कारण जुने ते कठीण व नवे ते सोपे असा समज आहे. हा समज शब्दाच्या अडचणीपुरताही पूर्णपणे खरा नाही. जगाच्या व रचनेच्या बाबतीत तर तो वारंवार उलटा ठरतो.

शब्दाची अडचण : शिडी उलटी कशी होते

सतराव्या-अठराव्या शतकांतील बखरी व पत्रव्यवहार आणि एकोणिसाव्या शतकातील निबंध यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची; विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली. काळाच्या हिशोबाने निबंधमाला दीडशेहून अधिक वर्षांनी अलीकडची, म्हणून सोपी असायला हवी. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला ती काहीशी सोपी जातेही. पण ज्याच्या घरी दखनी किंवा उर्दू बोलली जाते त्याचे काय?

बखरींच्या भाषेत मुलूख, कूच, मसलत, इतबार, खातरजमा, सनद, तमाम असे शब्द सहज येतात. त्यांतील काही आजच्या प्रमाण मराठीतून मागे पडले. उर्दूत मात्र मुल्क, मस्लहत, एतबार, खातिरजमा अशा रूपांनी ते रोजच्या वापरात आहेत. मराठी घरातील विद्यार्थ्याला ज्या शब्दासाठी टीप लागते तो शब्द उर्दू घरातील विद्यार्थ्याने आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. याउलट निबंधमालेचे संस्कृतप्रचुर शब्द आणि इंग्रजी निबंधकारांच्या वळणाची लांब, पोटवाक्यांनी भरलेली वाक्ये त्याला दुप्पट जड जातात. म्हणजे एकाच वर्गात दोन विद्यार्थ्यांसाठी या दोन ग्रंथांचा क्रम परस्परविरुद्ध लागतो. कालक्रमाची शिडी यांतील एकालाच मदत करते आणि दुसऱ्याला 'कच्चा' ठरवते.

फारसीचा मराठीवरील परिणाम हा विषय अभ्यासकांना नवा नाही. उर्दूचे विद्वान मौलवी अब्दुल हक यांनी या विषयावर उर्दूतून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये आला. परंतु हे ज्ञान भाषाशास्त्राच्या पेपरपुरते राहिले. पाठ्यग्रंथ निवडताना त्याचा उपयोग करावा असे क्वचितच कोणास वाटले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परिचित वाटणारा शब्द दर वेळी परिचित अर्थाचा नसतो. 'राजीनामा' म्हणजे मराठीत पदत्याग, उर्दूत उभयपक्षी समझोता. 'खुलासा' मराठीत स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. 'तक्रार' मराठीत गाऱ्हाणे, उर्दूत वाद किंवा पुनरुक्ती. 'शिकस्त' उर्दूत पराभव, तर मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली जाते. उर्दू घरातील विद्यार्थी अशा ठिकाणी थांबत नाही, कारण शब्द कळला असे त्याला वाटते. अनोळखी शब्दांखाली रेघ मारण्याच्या चाचणीतही हे शब्द सापडत नाहीत. म्हणून बखरीचे पान लावताना अपरिचित शब्दांच्या यादीसोबत अशा 'अर्थ बदललेल्या' शब्दांची यादी शिक्षकाने स्वतः करावी. ती दहा-पंधरा शब्दांपलीकडे जात नाही, आणि तिच्यातून दोन भाषांचा इतिहासच वर्गात उलगडतो.

जगाची अडचण : परके आणि आपले

शब्द जुना पण जग ओळखीचे, याचे ठळक उदाहरण गोव्यात आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापले गेले. ते रोमन लिपीत छापले गेले असले तरी भाषा मराठी आहे, कोकणीची छटा असलेली, आणि रचना ओवीबद्ध आहे. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा आहेत, दुसऱ्यात येशूचे चरित्र.

हा ग्रंथ चारशे वर्षांपूर्वीचा म्हणून पदव्युत्तर वर्गासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. वास्तविक ज्या विद्यार्थ्यांच्या घरी कोकणी आहे त्यांना त्यातील अनेक रूपे कानाला ओळखीची वाटतील. जगाच्या अंगाने पाहिले तर ख्रिस्ती विद्यार्थ्याला या कथा परिचित असतातच. पण मुस्लिम विद्यार्थ्यालाही आदम, नूह, इब्राहीम, यूसुफ, मूसा आणि मरियम ही नावे बालपणापासून ठाऊक असतात. नावांची रूपे निराळी आणि कथनातील भेद महत्त्वाचे, हे खरे. येशूविषयीचा भेद तर मूलभूत आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. किंबहुना त्या भेदामुळेच वाचन सजग होते : येथे काय वेगळे सांगितले आहे, हे विद्यार्थी स्वतःहून शोधू लागतो. मराठी वर्गात एरवी पुराणकथांचे संदर्भ इतरांकडून समजून घेणारा हा विद्यार्थी येथे इतरांना संदर्भ सांगू शकतो. जलप्रलयाच्या कथेतील शंभरेक ओव्या निवडून, शब्दांची यादी हाती देऊन, पदवीच्या पहिल्या वर्षालाही त्या लावता येतील.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्या योगसंग्रामाचा विचार थोडा निराळा करावा लागतो. सतराव्या शतकातील हा ग्रंथ मुस्लिम संतकवीचा असल्यामुळे मुस्लिम विद्यार्थ्यांना तो 'जवळचा' वाटेल, असे समजून त्याचा उल्लेख केला जातो. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकामुळे या परंपरेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, ही मोलाची गोष्ट. परंतु कवीचे नाव ओळखीचे असणे आणि त्याचे जग ओळखीचे असणे या दोन भिन्न बाबी होत. योगसंग्रामात मनाशी झुंजणाऱ्या साधकाचे रूपक आहे. त्याची परिभाषा योगमार्गाची आणि वेदान्ताची आहे, आणि तिच्यात सूफी विचाराचे सूत्र विणलेले आहे. ती परिभाषा आजच्या कोणत्याही घरात बोलली जात नाही. या ग्रंथात जगाची अडचण सर्वांना सारखीच मोठी आहे. म्हणून तो पहिल्या वर्षासाठी नव्हे, तर संतसाहित्याचा थोडा अभ्यास झाल्यावर, शेवटच्या वर्षासाठी योग्य. केवळ आपलेपणाच्या भावनेने तो आधी लावला तर विद्यार्थ्याचा आणि कवीचाही तोटा होतो.

ज्ञानेश्वरीसंबंधीही असाच विवेक हवा. १२९० मधील या ग्रंथात तिन्ही अडचणी एकत्र येतात. तरीही ग्रंथ अठरा अध्यायांचा आहे आणि सर्व अध्याय सारखे नाहीत. अठराव्या अध्यायात अठराशेहून अधिक ओव्या आहेत, तर बाराव्यात अडीचशेच्या आत. बाराव्या अध्यायाचा भक्त-लक्षणांचा विषय मानवी आहे, दृष्टांत रोजच्या जगातले आहेत, आणि शब्दाची अडचण शब्दकोश असलेल्या आवृत्तीने बरीचशी दूर होते. सारांशाने 'संपूर्ण ज्ञानेश्वरी' उरकण्यापेक्षा हा एक अध्याय ओवी-ओवीने वाचणे केव्हाही श्रेयस्कर.

रचनेची अडचण : फसवे सोपेपण

शब्द आजचे, जग ओळखीचे, तरी ग्रंथ कठीण, ही स्थिती आधुनिक साहित्यात वारंवार दिसते. शिक्षकाची निवड सर्वांत जास्त येथेच चुकते, कारण हे ग्रंथ वरवर पाहता सोपे असतात.

भालचंद्र नेमाडे यांची कोसला १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा निवेदक. भाषा बोलण्यातली, विषय वसतिगृहाचा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी याहून जवळचे काय असणार, असे वाटते. पण अनेक विद्यार्थी 'यात काहीच घडत नाही' म्हणून ती खाली ठेवतात. निवेदक गंभीर गोष्ट थट्टेने सांगतो, थट्टेची गोष्ट गंभीरपणे सांगतो. मध्येच रोजनिशी येते, मध्येच इतिहासलेखनाचे विडंबन. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर हाच सूर कसा बदलतो, हे ज्याला ऐकू आले त्याला कादंबरी कळली. हा सूर ओळखणे ही रचनेची अडचण आहे. तिचे उत्तर कोशात मिळत नाही. वर्गात पाने मोठ्याने वाचूनच ते मिळते.

विश्राम बेडेकर यांची रणांगण ही १९३९ मधील कादंबरी आकाराने लहान, म्हणून 'एका सत्राला पुरेशी' समजली जाते. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर भेटलेले चक्रधर आणि जर्मन ज्यू निर्वासित तरुणी हेर्टा यांची ही कथा. शब्द आजही साधे वाटतात. जगाची अडचण आहे, परंतु ती शोधून दूर होणारी आहे : १९३३ नंतर जर्मनीत ज्यूंचे काय झाले आणि ते देश का सोडत होते, हे एका तासिकेत सांगता येते. उरते ती रचना. प्रेमकथा म्हणून वाचू लागलेला विद्यार्थी शेवटी एका मोठ्या नैतिक प्रश्नापाशी पोहोचतो : दुसऱ्याच्या विनाशाकडे बघत उभा असलेला माणूस किती दोषी? एकोणीस-वीस वर्षांच्या वाचकाला हा प्रश्न भिडतो. शब्दाची अडचण कमी, जगाची आवरता येण्याजोगी आणि रचनेची मध्यम असल्यामुळे, घरची भाषा कोणतीही असो, पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी हा ग्रंथ उत्तम ठरतो.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) उलट कारणाने वाया जाते. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ही गोष्ट विद्यार्थी दोन दिवसांत वाचून संपवतात. माणदेशी संवादांपलीकडे शब्द अडत नाहीत. म्हणून ती 'सोप्या' यादीत जाते आणि प्रश्न विचारले जातात ते कथानकाचे. वस्तुतः तिची ताकद न सांगितलेल्या गोष्टींत आहे. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा निवेदक आकांत करीत नाही. तो पाहतो आणि सांगतो. हा संयम का, असे विचारले की सोपा ग्रंथ एकदम कठीण होतो. म्हणजे ग्रंथाची पातळी ही काही अंशी शिक्षकाच्या प्रश्नाचीही पातळी असते.

हीच गोष्ट बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या इंदिरा संत यांच्या कवितेला लागू आहे. शेला, मेंदी, मृगजळ या संग्रहांतील पुष्कळशा कवितांत फारच थोडे शब्द अपरिचित असतील. शब्दांची चाचणी त्यांना शालेय पातळीवर बसवेल. परंतु त्यांतील दुःख अर्धे बोलून थांबते आणि उरलेले अर्धे झाड, पाऊस, उंबरठा यांवर सोपवले जाते. सीमाभागातील विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या कवयित्रीपासून आधुनिक कवितेत प्रवेश करता यावा, ही संधी तिथल्या शिक्षकाने का सोडावी?

तिन्ही अडचणी बेताच्या असलेला ग्रंथ शोधायचा तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे (१९३४-३६) पुढे येते. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या लेखिकेचे वाक्य बोलण्याच्या लयीत चालते; प्रत्येक प्रसंग स्वतंत्र वाचता येतो. माहेरच्या सोवळ्याओवळ्याचे जग परके आहे, पण ते समजावूनच सांगितले आहे. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेल्या ताटातुटीची पाने वाचताना हसू आणि दुःख एकाच वेळी येते. घरात एक भाषा व बाहेर दुसरी, घरात एक रीत व बाहेर दुसरी, असे जगणाऱ्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ चटकन कळतो. पहिल्या वर्षासाठी याहून चांगली सुरुवात क्वचितच सापडेल.

निवडीचे सूत्र

या चर्चेतून एक साधे सूत्र हाती येते : एका वेळी एकच अडचण मोठी असावी. ग्रंथाचा शब्द जड असेल तर त्याचे जग किंवा रचना ओळखीची हवी. जग परके असेल तर शब्द हलके हवेत. रचना वाकडी असेल तर शब्द आणि जग दोन्ही जवळचे हवे. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकते, यांमधील अंतरातच शिकणे घडते, हा वायगॉट्स्की यांचा विचार अध्यापक महाविद्यालयांत सर्वत्र शिकवला जातो. साहित्याच्या बाबतीत त्यात एवढीच भर घालावी लागते की, हे अंतर एका दिशेने मोजायचे नसून तीन दिशांनी मोजायचे आहे.

व्यवहारात ग्रंथ लावण्यापूर्वी तीन गोष्टी करता येतील.

१) ग्रंथाच्या मधल्या भागातील २५० शब्दांचे एक पान विद्यार्थ्यांना देऊन अपरिचित शब्दांखाली रेघा मारून घ्याव्यात. घरच्या भाषेनुसार गट पाडून या रेघा पाहाव्यात. वर्गाची सरासरी काढू नये.

२) त्याच ग्रंथातील दुसऱ्या तितक्याच मजकुरातून दर पाचवा शब्द वगळून, मोकळ्या जागा भरण्यास सांगावे. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी पुढे आणलेली ही चाचणी वाक्याचा ओघ कळतो की नाही हे दाखवते. इंग्रजीसाठी ठरलेले उत्तीर्णतेचे टक्के मराठीला लावू नयेत. दोन ग्रंथांची परस्पर तुलना करण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

३) पान वाचून झाल्यावर 'हे कोण सांगत आहे आणि त्याने काय सांगायचे टाळले आहे?' असा एक प्रश्न विचारावा. पहिल्या दोन चाचण्यांत वर येणारा विद्यार्थी येथे मागे पडू शकतो, आणि याउलटही घडते.

यावर एक आक्षेप संभवतो. उर्दू घरातील विद्यार्थ्याला बखर, कोकणी घरातील विद्यार्थ्याला क्रिस्तपुराण असे म्हटले तर प्रत्येकाला आपापल्या कुंपणात ठेवल्यासारखे होणार नाही काय? अभिजात साहित्याचे कार्य तर वाचकाला परक्या जगात नेण्याचे आहे. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ओळखीचा ग्रंथ हा केवळ प्रवेशाचा दरवाजा मानला पाहिजे. बखरीतून वाचनाचा विश्वास आलेल्या विद्यार्थ्यापुढे त्यानंतर निबंधमालेतील निबंध किंवा ज्ञानेश्वरीचा अध्याय ठेवायलाच हवा. शिवाय ग्रंथ गटागटाने वेगळे लावायचे नसून संपूर्ण वर्गाला एकच लावायचा आहे. बदलतो तो इतकाच की, वर्षभरातील निवडलेल्या तीन-चार ग्रंथांपैकी प्रत्येक ग्रंथाच्या वेळी वेगळा विद्यार्थी पुढे असतो.

दुसरा आक्षेप सोप्या आवृत्त्यांविषयीचा. मूळ ग्रंथ जड असेल तर सुलभ रूपांतर का देऊ नये? शालेय वयात रूपांतराला स्थान आहे. महाविद्यालयात मात्र रूपांतराने अडचण दूर होते तेव्हा बहुधा ग्रंथही दूर होतो. लीळाचरित्र आजच्या गद्यात सांगितले की प्रसंग उरतात, पण बोलण्याचा जिवंतपणा जातो. कोसलाचा सारांश तर संभवतच नाही. त्यापेक्षा मूळ ग्रंथाची वीस पाने नीट टीपांसह वाचणे अधिक फलदायी.

समारोप

'विद्यार्थ्यांची पातळी कमी आहे' हे विधान शिक्षकांच्या बैठकीत सहज केले जाते. कोणत्या बाबतीत कमी, हे मात्र त्यात सांगितलेले नसते. ज्या विद्यार्थ्याच्या निबंधात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, तोच बखरीतील 'मसलत' वर्गाला समजावून सांगू शकतो. जो संस्कृत शब्दावर अडखळतो, त्याला जलप्रलयाची कथा पाठ असते. जी विद्यार्थिनी वर्गात बोलत नाही, तिला इंदिरा संतांच्या कवितेतले न बोललेले कदाचित सर्वांआधी कळते. एकाच शिडीवर मोजल्यास हे तिघेही तळाशी राहतात आणि त्यांना सोपे, संक्षिप्त, निःसत्त्व असे काहीतरी मिळत राहते.

ग्रंथ निवडताना विद्यार्थ्याला काय येत नाही याचबरोबर काय येते हेही पाहिले, तर अभ्यासक्रमाची यादी फारशी बदलावी लागणार नाही. तिचा क्रम बदलेल, पानांची निवड बदलेल आणि वर्गात प्रश्न विचारण्याची रीत बदलेल. एवढा बदल करणे प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.